नव्या शहरात, नव्या मंडळीत : मराठी ख्रिस्ती कुटुंबासाठी पहिल्या वर्षाची वाट

नगर, राहुरी, संगमनेर, जालना, सोलापूर अशा भागांतून नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे आलेल्या कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. गावाकडे मंडळी, म्हणजे आपलं चर्च, शोधावी लागत नाही. आजोबांचं नाव नोंदवहीत असतं, पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तुमची म्हैस कधी व्यायली तेही ठाऊक असतं, आणि रविवारी चर्चला दिसला नाहीत तर सोमवारी कुणीतरी दारात येऊन "बरं आहे ना घरात?" म्हणून विचारून जातं. शहरात कुणी विचारत नाही. पहिला रविवार सामान लावण्यात जातो, दुसरा गॅसच्या कनेक्शनमागे, तिसरा पाहुण्यांत. मग रविवार हा कपडे धुण्याचा वार होऊन बसतो. कुणी ठरवून विश्वास सोडत नाही, नुसती सवय तुटते.

मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या मंडळीत वाढले. पुण्यात शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, शिकवते आणि काही काळ पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीवरही होते. त्यामुळे खालचं बरंचसं सीएनआयच्या रीतीप्रमाणे आहे. मेथॉडिस्ट, अलायन्स, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या दुसऱ्या चर्चसंघांकडे तपशील बदलतात. कॅथलिक कुटुंबांची पॅरिश, म्हणजे त्यांची मंडळी, राहत्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे त्यांचा प्रवास वेगळा. पण घरच्या प्रार्थनेचा भाग त्यांनाही उपयोगी पडेल.

१. गाव सोडण्याआधी कागद गोळा करा

हे काम बसमध्ये बसण्याआधीच करायचं. नंतर फोनवर "पाठवतो, पाठवतो" होतं, मध्येच पाळकांची बदली होते आणि नवे पाळक तुम्हाला ओळखत नसतात.

सोबत घ्यायचं ते असं:

• सभासदत्वाचं बदलीपत्र. पाळकांची सही, मंडळीचा शिक्का, कुटुंबातल्या सगळ्यांची नावं आणि कोण प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेणारा सभासद आहे याचा उल्लेख हवा.
• प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला. मोठ्यांचा दृढीकरणाचाही (बाप्तिस्मा झालेल्याने स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी).
• तुमच्या लग्नाचा दाखला.
• घरच्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांचे फोटो. आपल्याकडे जन्म, मृत्यू, लग्नं तिथेच लिहिलेली असतात, आणि नोंदवहीचं पान फाटलेलं निघालं की हीच पानं तारखा शोधायला कामी येतात.
• बायबल आणि उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक. शहरातल्या चर्चमध्ये गाण्यांचे शब्द पडद्यावर दिसतीलही, पण घरी पडदा नसतो.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून नाव वाचा. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं आहे, तेव्हा तिथल्या नोंदवह्यांनी बऱ्याच पिढ्या पाहिल्या आहेत. काही नोंदींत आडनावच नसतं, नुसतं मुलाचं आणि बापाचं नाव. शाळेच्या दाखल्यावर "शांतवन", बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर "शांतवान" आणि आधारवर तिसरंच काही, असं असेल तर ते आत्ताच पाळकांच्या नजरेला आणून द्या. लग्न ठरल्यावर चिठ्ठीच्या वेळी, म्हणजे चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचना वाचतात तेव्हा, ही गाठ सोडवायला बसलात तर दोन्हीकडच्या मामांची मतं ऐकावी लागतात.

बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्मदाखला नव्हे. जन्माची नोंद नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. कायद्यातल्या बदलानंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मदाखलाच धरला जातो. चर्चचा कागद चर्चच्या कामाला, सरकारी कागद सरकारच्या.

मुक्तिफौजेतून येणाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये. फौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत, त्यामुळे तसा दाखला मिळणार नाही. सैनिक, म्हणजे फौजेचा सभासद, म्हणून नाव दाखल झाल्याचा कागद आणा आणि नव्या पाळकांशी सरळ बोला. ते बाप्तिस्म्याविषयी विचारतील. त्यात तुमच्या विश्वासावर शंका घेतली असं काही नसतं.

२. मंडळी निवडताना

भाषा, अंतर आणि परंपरा, या क्रमाने पाहा.

भाषा आधी, कारण आजी सोबत असेल आणि उपासना इंग्रजी असेल तर आजी महिनाभरात घरी बसायला लागते. एकाच इमारतीत सकाळी मराठी आणि नंतर इंग्रजी उपासना असं बऱ्याच ठिकाणी असतं, म्हणून फाटकावरचा फलक नीट वाचा. अंतराचं गणित साधं आहे. पावसाळ्यात दोन मुलांना घेऊन दुचाकीवर जाता येईल इतकंच अंतर झेपतं. उत्साहात पस्तीस किलोमीटरवरचं नावाजलेलं चर्च धरलेली कुटुंबं जुलैनंतर दिसत नाहीत.

परंपरेचा भाग लोकांना ठाऊक नसतो आणि मग धक्का बसतो. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली ती सहा चर्चसंघ एकत्र येऊन: अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन, मेथॉडिस्टांची एक शाखा, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. पाटी एक असली तरी आतली चाल अजून जुन्या घराण्याची असते. नगरकडचा माणूस साध्या, काँग्रिगेशनल वळणाच्या उपासनेत वाढलेला. तो पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात गेला, तिथले झगे, मिरवणूक, वेदीपुढे गुडघे टेकणं पाहिलं, की शेजारच्याला हळूच विचारतो, "हे कॅथलिक तर नाही ना?" नाही. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, वळण आहे. दुसऱ्या एखाद्या सीएनआय चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट तुमच्या बाकापर्यंत येईल. कुठे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, कुठे बाळाचं समर्पण करून बाप्तिस्मा मोठेपणी घेतात. सीएनआयला दोन्ही रीती मान्य आहेत, त्यामुळे यावरून घरात वाद घालायचं कारण नाही.

चार-पाच रविवार वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पाहा आणि मग एक धरा. वर्षभर चर्च पाहत फिरणारी कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांना सगळ्या पाळकांच्या उपदेशांची तुलना करता येते, पण रात्री अकराला मूल तापाने फणफणलं तर फोन कुणाला करायचा ते ठाऊक नसतं. मोबाइलवरचा उपदेश ऐका, चांगले असतात. पण ताप मोबाइललाही कळत नाही.

३. पहिले काही रविवार

दहा मिनिटं आधी पोचा. दारातल्या माणसाला "सलाम" किंवा "जय ख्रिस्त" म्हणा आणि आपण नवीन आहोत असं स्वतःहून सांगा. बायका आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना बसतात का, पादत्राणं बाहेर काढायची का, बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात का, हे आत शिरताना दिसतंच. दिसेल तसं करा. पहिल्या दिवशी तत्त्वाचा प्रश्न करू नका.

उपासनेच्या शेवटी नवीन आलेल्यांना उभं राहायला सांगतात. नाव, गाव, मूळ मंडळी आणि कामाचं ठिकाण, एवढं पुरे. साक्ष द्यायला हा वेळ नाही.

यानंतरचा चहा मात्र चुकवू नका. खरी ओळख तिथेच होते. पुण्यात मिशनच्या आवारातल्या चहाने तर इतिहास घडवला आहे: १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीकडून बहिष्काराची कारवाई, झालं, प्रायश्चित्ताचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपल्याला आता कुणी अडवत नाही, तर प्यावा.

चहाबरोबर प्रश्न येतात. "गाव कुठलं? आजोळ कुठलं? अमक्याचे कोण तुम्ही?" यातले बहुतेक प्रश्न नातं शोधायला असतात आणि दहा मिनिटांत चुलत आत्याच्या सासरचं कुणीतरी निघतंच. काही प्रश्न मात्र आडनावावरून जात चाचपायला असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे मी गावाचं नाव सांगते आणि विषय मुलांच्या शाळेकडे नेते. उत्तर देणं बंधनकारक नाही.

४. पाळकांना भेटून सभासद व्हा

चर्च पक्कं ठरलं की बदलीपत्र खिशात ठेवून फिरू नका. पाळकांची भेट मागा, पत्र आणि दाखल्यांच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती दाखवून परत घ्या. पत्र पास्टोरेट कमिटीपुढे जातं आणि मग नाव नोंदतात. कमिटीची बैठक बहुधा महिन्यातून एकदा असते, म्हणून लगेच काही कळलं नाही तर रागावू नका. महिनाभराने सेक्रेटरींना आठवण करा.

नोंद झाल्यावर पाळक घरी येतील. त्यासाठी सोफ्याची कव्हरं बदलायची गरज नाही. आजारपण असेल, नवरा-बायकोत एकाची नोकरी गेली असेल, घरात कुणी पीत असेल, तर ते या भेटीत सांगा. पाळकांना कळतं ते जेवढं तुम्ही सांगाल तेवढंच. आणि जे फक्त त्यांच्यापुरतं ठेवायचं असेल ते तसं स्पष्ट म्हणा, नाहीतर ते पुढच्या प्रार्थनासभेत "विनंती" म्हणून सगळ्यांपुढे येऊ शकतं.

इथे दोन सापळे आहेत. एक, गावाकडेही नाव चालू ठेवायचं आणि इथेही लावायचं. गावच्या चर्चला प्रेमाने देणगी जरूर पाठवा, पण सभासदत्व एकाच ठिकाणी ठेवा. दुसरा, मतदानाचा हक्क. वार्षिक सभेत मत द्यायला बहुतेक ठिकाणी प्रभुभोजन घेणारा सभासद असणं आणि वर्गणी न थकलेली असणं लागतं. ही यादी फलकावर लागते तेव्हाच आपलं नाव पाहा. सभेच्या दिवशी भांडून उपयोग नसतो.

५. घरची प्रार्थना बसवा

चर्चमध्ये महिनाभर कुणी ओळखलं नाही तरी घर टिकतं. घरातली प्रार्थना थांबली तर मात्र चर्च त्याची भरपाई करू शकत नाही, असं माझं मत आहे. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायची जागा सांगितली आहे ती घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. शब्बाथ शाळेचा तिथे उल्लेख नाही, हे मी शब्बाथ शाळेची बाई असून सांगते.

वेळ आधी ठरवा, आणि ती आधीच पक्क्या असलेल्या कुठल्यातरी कामाला बांधा. गावाकडे दिवेलागण होती. इथे चाकणच्या कंपनीत एकाची दुसरी पाळी, हिंजवडीत दुसरीचे रात्रीचे कॉल, मुलांचा क्लास. सगळे रोज एकत्र येतील अशी वेळ मिळणार नाही. घरात जे आहेत त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर, ताटं उचलण्याआधी बसायचं. जो कामावर आहे त्याचं नाव घ्यायचं. रविवारी संध्याकाळी सगळे मिळून जरा निवांत.

दहा ते पंधरा मिनिटं, त्यापुढे नाही. तासभराची प्रार्थना आठवडाभर चालते आणि मग बंद पडते.

आमच्याकडचा क्रम असा आहे, तुम्ही तुमचा लावा. एक गीत, तेही दोनच कडवी. मग वाचन. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या चरित्रापासून, करा: सोळाच अध्याय आहेत, गोष्ट धावते आणि मुलांना कंटाळा येत नाही. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याच्या आसपास शुभवर्तमान पुरं होतं. मध्ये मध्ये स्तोत्रं; २३ आणि १२१ मुलांकडून पाठच करून घ्या, पुढे प्रवासात आणि दवाखान्यात कामी येतात. वाचून झाल्यावर प्रत्येकाने एक आभार आणि एक मागणी सांगायची. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची.

जुन्या भाषांतरातली "जाहला", "तयांस" अशी वळणं मुलांना अडतात. वाचनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल किंवा बायबल सोसायटीची सोपी आवृत्ती घरात ठेवा. पाठांतर मात्र जुन्याच शब्दांत करून घ्यावं असं मला वाटतं, कारण आजी-आजोबा, चर्चमधले सगळे तेच म्हणतात आणि मुलाचा आवाज त्यांच्यात मिसळला पाहिजे.

गीतांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं दिली. पेटी नसेल तर टाळ पुरतात, टाळ नसतील तर टाळ्या. मुलांना इंग्रजी गाणी आवडतात. आठवड्यातून एक दिवस त्यांना गाणं निवडू द्या आणि त्या दिवशी तुम्हीही ते गा, सूर लागो न लागो.

आता टाळायच्या गोष्टी.

प्रार्थनेतून टोमणे मारू नका. "हे प्रभू, सोनूला अभ्यासाची बुद्धी दे आणि मोबाइलपासून सोडव" असं अर्धे डोळे उघडे ठेवून म्हटलं की सोनू देवाशी नाही, तुमच्याशी भांडायला लागतो. सासूने सुनेसाठी आणि सुनेने सासूसाठी अशा प्रार्थना मोठ्याने केल्याचेही नमुने आहेत.

घरातल्या बाईला स्वयंपाकघरातून "हो, हो, तुम्ही सुरू करा" म्हणायला लावू नका. गॅस बंद होईपर्यंत थांबा. भांडी नंतर सगळ्यांनी मिळून. रविवारचंही तेच: सकाळी आठच्या उपासनेला जायचं आणि आल्या आल्या सहा जणांना मटण-भाकरी हवी असेल तर ती बाई चर्चमध्ये बसून वाटणाचाच विचार करणार. वाटण शनिवारी करून ठेवा, इस्त्रीही शनिवारी. रविवारी सकाळची निम्मी भांडणं इस्त्रीवरून होतात.

नेहमी वडिलांनीच चालवायची असं करू नका. पाळी लावा. आठ वर्षांचं मूल अडखळत वाचेल, "नबुखद्नेस्सर"वर सगळे हसतील, हसू द्या.

नवरा किंवा बायको हिंदू घरातून आलेली असेल आणि अजून मनाने तयार नसेल, तर शेजारी बसायला बोलवा, वाचायला लावू नका. सासर-माहेरचे पाहुणे आले तर प्रार्थना गुपचूप बंद ठेवण्यापेक्षा त्यांना आधी सांगा, "आम्ही दहा मिनिटं प्रार्थनेला बसतो, तुम्हीही बसा नाहीतर चहा घ्या." बहुतेक जण बसतात.

एक छोटी वही ठेवा. कोणासाठी प्रार्थना मागितली ते तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी मुलांना ती वाचायला आवडते, आणि कुणाची विचारपूस करायची राहिली तेही त्यातून दिसतं.

६. मुलं, बाप्तिस्मा, दृढीकरण

मुलांना पहिल्याच महिन्यात शब्बाथ शाळेत घाला. मित्र मिळाले की रविवारी तीच तुम्हाला उठवतात. बाळाचा बाप्तिस्मा असेल तर पाळकांना किमान महिनाभर आधी सांगा. धर्ममाता-धर्मपिता निवडताना श्रीमंत मामा नको, नियमित उपासनेला येणारा आणि मुलाच्या संपर्कात राहणारा माणूस बघा. त्यांच्या सभासदत्वाचा पुरावाही काही ठिकाणी मागतात.

दृढीकरणाचे वर्ग काही महिने चालतात आणि नेमके दहावीच्या वर्षात येतात. पालक पुढच्या वर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बारावी असते, मग मूल इंजिनियरिंगला बाहेरगावी. आठवी-नववीतच विचारून घ्या. बिशप येतील ती तारीख बदलत नाही.

७. पैसा

किती द्यायचं ते घरात, नवरा-बायकोने मिळून, आधी ठरवा. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारे आहेत, ठरावीक मासिक वर्गणी देणारे आहेत. २ करिंथ ९:७ मध्ये मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने किंवा भाग पडलं म्हणून नव्हे, असं आहे. म्हणून ताट समोर आल्यावर खिसा चाचपण्यापेक्षा पाकीट घरून भरून न्या. मुलांनाही त्यांच्या खाऊच्या पैशांतून टाकू द्या.

देणगी मंडळीच्या खात्यात किंवा दानपेटीतच जाऊ द्या आणि पावती घ्या. कुणा व्यक्तीच्या नंबरवर "चर्चसाठी" म्हणून पैसे पाठवू नका, माणूस कितीही गोड बोलत असला तरी. आणि अमुक रक्कम "पेरा" म्हणजे कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, मूल होईल असं सांगणारा भेटला तर फोन ठेवा. असे लोक नेमके शहरात नव्याने आलेल्या, अडचणीतल्या कुटुंबांना गाठतात.

वार्षिक सभेत हिशेब मांडतात तेव्हा वाचा आणि प्रश्न विचारा. प्रश्न विचारणं म्हणजे बंड नव्हे.

८. एक काम घ्या, एकच

नवीन माणूस उत्साही दिसला की गायनवृंद, तरुण संघ, महिला मंडळ, नाताळ कमिटी सगळे बोलावतात. एक निवडा. खुर्च्या लावणं, शब्बाथ शाळेत मुलांना रांगेत बसवणं, आजारी सभासदांच्या भेटीला पाळकांबरोबर जाणं, यांतलं कुठलंही चालेल. पहिल्या वर्षी कमिटीची निवडणूक लढवू नका. कोणता गट कोणाचा हे कळायलाच तेवढा वेळ लागतो, आणि न कळता उभे राहिलात तर कुणाच्यातरी पॅनेलमध्ये सापडता.

वर्षाचा क्रम ओळखीचा असला तरी शहरातल्या काही खुबी सांगते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपासना असते, बहुधा सात वक्ते. लहान मुलं असतील तर पंख्याखालची जागा आणि पाण्याची बाटली. ईस्टरची उपासना पहाटे असते. रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा. कापणीच्या सणाला गावाकडे बाजरीची कणसं, कोंबड्या, अंडी यायची, इथे लोक मंडईतून फळं आणि घरचे केक आणतात. नंतरच्या लिलावात एक भोपळा बाजारभावाच्या चौपट किमतीला जातो. बोली लावा, पण आधी पाकीट पाहा, कारण मित्र मुद्दाम चढवतात.

नाताळात गाणारी मंडळी घरोघर येते तेव्हा रात्रीचे दोनही वाजतात. सोसायटीच्या वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी कळवा आणि सकाळी त्यांच्याकडे करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट पाठवा. दिवाळीला त्यांचं ताट आलेलं असतंच. गणपतीच्या प्रसादाचं काय करायचं यावर ख्रिस्ती घरांत एकमत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला नैवेद्याविषयी लिहिलेले १ करिंथचे आठवा आणि दहावा अध्याय घरात एकदा वाचा आणि काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मुलाला दारात एकट्याने उत्तर द्यायची पाळी येऊ नये.

९. खटके उडाले तर

उडतातच. कुणी तुमच्या मुलाला नाटकातून वगळतं, कुणी वर्गणीवरून बोलतं. मत्तय १८:१५ मधली पायरी अजून उत्तम चालते: आधी त्या माणसाशी एकट्याने बोला. मग एक-दोघांना घेऊन. मग मंडळीपुढे. आपल्याकडे लोक उलटे जातात. आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, मग पाळकांकडे, आणि ज्याच्याशी बिनसलं त्याच्याशी शेवटपर्यंत नाही.

मंडळीत जमिनीवरून किंवा ट्रस्टवरून कोर्टकज्जा चालू असेल तर नवीन माणसाकडे दोन्ही बाजू कागद घेऊन येतात. ऐकून घ्या, कशावरही सही करू नका.

घरातल्या भांडणाचं मी प्रभुभोजनाच्या रविवारशी बांधून टाकलं आहे. आदल्या रात्री जो अबोला असेल तो मोडायचा. चूक कुणाची हे नाही ठरलं तरी चालतं.

१०. लग्न, आजारपण, मृत्यू

लग्न ठरलं की आधी पाळक, मग हॉल. वधू-वर दोघांच्याही मंडळीत चिठ्ठी वाचली जाते, बहुधा लागोपाठ तीन रविवार, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत बरीच चर्च लग्न लावत नाहीत. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विधीची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी आहे. विशेष परवान्याची सवलत काही ठिकाणी असते, पण ती गृहीत धरून साडेसातची वेळ पत्रिकेवर छापू नका. वर २१ आणि वधू १८ पूर्ण, दोन साक्षीदार, आणि नोंदवहीत सही करताना नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे.

दवाखान्यात कुणी असेल तर पाळकांना स्वतः फोन करा. ग्रुपवर टाकलेला मेसेज त्यांनी वाचला असेल असं धरू नका. आजाऱ्याला घरी किंवा दवाखान्यात प्रभुभोजन देता येतं, नुसतं मागावं लागतं.

मृत्यूच्या वेळीच अनेक कुटुंबांना कळतं की आपण कुठल्याच मंडळीत नाही. शहरातल्या दफनभूमीत जागा मिळवायला मंडळीचं पत्र मागतात, आणि ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही त्याच्यासाठी पत्र द्यायला पाळकही अडखळतात. लागतात त्या गोष्टी: डॉक्टरांचं मृत्यूचं कारण दिलेलं प्रमाणपत्र, मृताचं आणि नातेवाइकाचं ओळखपत्र, मंडळीचं पत्र, दफनभूमीच्या कमिटीची फी. मृत्यूची सरकारी नोंदही २१ दिवसांत. गावी नेऊन माती द्यायची असेल तर रुग्णवाहिका ठरवण्याआधी गावच्या पाळकांना फोन करा. खड्डा खणायला माणसं तिथे सांगावी लागतात. हे सगळं आजी-आजोबा धडधाकट असताना त्यांनाच विचारून ठेवा. ते न लाजता सांगतात, कुठे आणि कुठल्या गाण्याने. लाजतो आपणच.

११. पुन्हा बदली झाली तर

नोकरी आहे, होणारच. निघण्याच्या दोन महिने आधी बदलीपत्र मागा. चालू वर्गणी भरून पावती घ्या. शब्बाथ शाळेच्या कपाटाची किल्ली, गायनवृंदाची पुस्तकं, महिला मंडळाचा थर्मास ज्याचा त्याला परत द्या, आणि तुमच्याकडे असलेलं काम पुढे कोण करणार ते नाव सेक्रेटरींना लिहून द्या. ग्रुपमधून मात्र लगेच बाहेर पडू नका. नव्या गावात कोणत्या मंडळीत जावं हे बहुधा तिथलंच कुणीतरी सांगतं.